दातांची घाई

परवा धाकटीचा शाळेतला फोटो घरी आला. आठ वर्षांची पोर मनमोकळे हसली होती. पण माझी नजर खिळली ती तिच्या वरच्या दोन दातांमधल्या फटीवर. "अहो, आताच तार लावून घेऊ या. पुढे लग्नाच्या वेळी..." सौभाग्यवतींनी वाक्य अर्धेच सोडले. ते मी मनात पुरे केले आणि पोरीला घेऊन दंतवैद्यांकडे गेलो.

त्यांनी दात पाहिले आणि ते हसले. "मास्तर, हिला आज काहीच नको. या वयात समोरचे कायमचे दात असेच पसरून येतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरले, की अशी फट बहुधा आपोआप बुजते." दंतशास्त्रात या अवस्थेला कुरूप बदकपिल्लाचेच नाव दिलेले आहे म्हणे!

मला हायसे वाटायला हवे होते. पण आठवला तो चार वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी. वय नऊ, वरचे दात इतके पुढे, की ओठ मिटत नसत. त्याचे वडील रिक्षा चालवीत. त्यांनी मला विचारले होते, "गुरुजी, दाताला तार लावावी का?" मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या या गुरुजींनी ऐटीत सांगितले, "छे हो! वय वाढले की बसतील." पुढे काही महिन्यांनी पोरगा मैदानावर तोंडावर पडला आणि समोरचा दात अर्धा तुटला.

ही हकीकत मी दंतवैद्यांना सांगितली. ते म्हणाले, "नुसत्या रूपासाठी घाई करण्यात फारसा लाभ नसतो, बाराव्या-तेराव्या वर्षी उपचार केले तरी फळ जवळजवळ तेच मिळते. पण फार पुढे आलेले दात लवकर मागे घेतले, तर ते तुटण्याचा धोका कमी होतो. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, तरीही लवकर पाहावे लागते." अमेरिकेतील दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ दंतवैद्यांची संघटना सातव्या वर्षापर्यंत मुलाला एकदा दाखवा असे सांगते, ते याचसाठी. दाखवा म्हणते, तार लावा असे म्हणत नाही.

घरी येताना मनाशी हिशेब मांडला. एका मुलाच्या बाबतीत मी आळसाला शहाणपण म्हटले. दुसरीच्या बाबतीत धास्तीला माया म्हटले. दोन्ही वेळा मी मुलाकडे पाहिलेच नाही. एकदा माझा मोठेपणा पाहिला, एकदा चार लोकांची तोंडे. लहान मूल होकार देते ते आपल्यावर विश्वास ठेवून. म्हणून त्याच्या तोंडात हात घालण्यापूर्वी आपणच विचारले पाहिजे, की दुखते आहे ते कोणाला? त्याला चावताना, बोलताना, पडताना अडते आहे, की आपल्याला फोटो पाहताना?

आणि त्या मुलाला 'दात्या' म्हणून चिडवणारी पोरे माझ्याच वर्गात बसत होती. त्यांना वळण लावायला दंतवैद्य कशाला हवा होता? ते काम माझे होते.

तो मुलगा अजून रस्त्यात भेटतो, नमस्कार करतो; पण हसताना तोंडावर हात धरतो. धाकटीचा फोटो मात्र आम्ही दिवाळीपूर्वीच बैठकीच्या खोलीत लावला आहे.