शेजार कोणाचा?



मायबाप वाचकहो, पूर्वी कीर्तन आटोपले की चार मंडळी मागे थांबत आणि शंका विचारत. नामाने पाप जाते तर प्रारब्ध का भोगावे लागते, सगुण मोठे की निर्गुण, अशा त्या शंका असत. आता माझे वय शहात्तर. आवाज बसला, फार वेळ उभे राहवत नाही, कीर्तन सुटले. तरी लोक घरी येतात. गेल्या काही वर्षांत एक शंका वारंवार आली आणि तिचे उत्तर मला ग्रंथात आयते सापडले नाही. विचारणारे तिशी-पस्तिशीचे असतात. गाव सोडून भोसरीला, हडपसरला, ठाण्याला नोकरीला आलेले, गळ्यात माळ, घरी आईवडील वारकरी. ते म्हणतात, "महाराज, पोरगं पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. त्याआधी एका जागी बस्तान बसवायचं आहे. शहरात कुठल्या वस्तीत राहावं?"

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न जागेच्या दलालाला विचारावा, कीर्तनकाराला कशाला? मलाही आधी तसेच वाटले. मग ध्यानात आले की हा प्रश्न संगतीचा आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोठा माणूस आपली संगत आपण निवडतो. पाच-सहा वर्षांच्या लेकराची संगत आईबाप घर घेतात त्या दिवशी ठरून जाते. जिन्यात त्याला कोण भेटणार, खेळायला कोण, बाकावर शेजारी कोण, सणाच्या दिवशी कुणाच्या घरचे ताट येणार, हे सारे त्या एका निर्णयात येते. म्हणून ही शंका खरी आहे आणि तिचे निरूपण झाले पाहिजे.

आधी प्रपंचाची बाजू सांगतो, कारण ती सोडून परमार्थ बोलणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे. शाळा पायी जाण्याजोगी असावी. मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या आपल्या राज्यातल्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे धरले आहे. नियम करणाऱ्यांनीसुद्धा लेकराच्या पायांचा विचार केला, तो आपणही करावा. गाडीत कोंबून तासभर नेलेले मूल घरी येते ते दमून, मग त्याला ना खेळ सुचतो ना हरिपाठ. जागा पाहायला रविवारी दुपारी जाऊ नका. सकाळी शाळेच्या वेळी जा, रात्री दहाला जा, आणि एकदा भर पावसात जा. पाणी नळाला येते की टँकरने, हे वरच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. कर्जाचा हप्ता एवढा नसावा की तो फेडायला दोघेही रात्री नऊला घरी यावेत. मुलासाठी घर घेतले आणि घरात मूल एकटेच, असे व्हायला नको. जमत असेल तर आधी अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने राहून पाहा. इतके सगळे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील.

आता जे सांगायचे ते जड आहे, कारण त्यात माझा दोष आहे.

माझा मुलगा पिंपरीला कारखान्यात आहे. नातू पाच वर्षांचा झाला तेव्हा त्यांच्या घरात हाच प्रश्न निघाला. दोन जागा समोर होत्या. एक मोशीकडे नव्या मोठ्या संकुलात. मोठे फाटक, आत बाग, पोहण्याचा तलाव, शाळेची गाडी दारात. दुसरी आकुर्डीच्या बाजूला जुन्या तीन मजली इमारतीत. शाळा दहा मिनिटांच्या चालीवर, विठ्ठल मंदिरही लांब नाही. तुकोबारायांच्या पालखीचा आकुर्डीला मुक्काम असतो, हे मला आवडले. पण इमारतीच्या मागे पत्र्याच्या घरांची वस्ती होती. मी मुलाला विचारले, "तिथं मागं लोक कसे आहेत?"

मुलगा काही बोलला नाही. सूनबाई पोळ्या लाटत होती. ती हळूच म्हणाली, "कसे म्हणजे कोणते, असंच ना आबा?"

वाचकहो, मला उत्तर देता आले नाही. पन्नास वर्षे मी नारदाच्या गादीवर उभा राहून भेदाभेद अमंगळ आहे हे सांगितले. टाळकरी मान डोलवत, लोक पाया पडत. आणि घरात एक साधा प्रश्न विचारताना जीभ नको तिकडेच वळली.

नंतर मी शोधले की हे माझ्यात आले कुठून. घरी तर कुणी असे शिकवले नव्हते. मग आळंदी आठवली. पंधराव्या वर्षी मी तिथे शिकायला गेलो. आम्ही पोरे झोळी घेऊन माधुकरीला निघत असू. आळंदीच्या माउल्यांनी आम्हाला अन्न घातले, त्यावर हा देह वाढला, ते ऋण फिटणारे नाही. पण आम्ही काही आळ्यांत जात असू आणि काही आळ्या ओलांडून पुढे जात असू. का, हे कुणी सांगितले नव्हते. पुढे चालणाऱ्या मोठ्या पोरांचे पाय जिथे थांबत नसत तिथे आमचेही थांबत नसत. एवढ्यावर मी ते शिकलो, आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्यांपेक्षा ते पक्के बसले. ओवी मी कधी विसरलो असेन, ती आळी कुठे वळते हे नाही विसरलो.

यावरून मला एक गोष्ट कळली. मूल वस्तीकडून शिकते हे खरे, पण त्याहून जास्त ते वस्तीत आपले आईबाप कुणाच्या दारात थांबतात आणि कुणाचे दार ओलांडून जातात, यावरून शिकते.

इथे कुणी आक्षेप घेईल. म्हणेल, महाराज, लेकरासाठी चांगली संगत पाहणे हा दोष आहे काय? संतांनीच सत्संग धरावा, दुःसंग टाळावा असे सांगितले. मग दारूच्या अड्ड्याशेजारी घर घ्यावे काय?

आक्षेप खरा आहे, त्याचे समाधान केलेच पाहिजे. दारूचा अड्डा टाळावा. जुगार चालतो ती गल्ली टाळावी, भरधाव गाड्यांचा रस्ता टाळावा, लेकीबाळींना संध्याकाळी बाहेर पडायची भीती वाटते ती जागा टाळावी. हा विवेक आहे. पण विवेकाच्या पोटात भेद लपून बसतो, आणि त्याला ओळखायला एक कसोटी लागते. मला सापडली ती अशी: जे कारण सांगून तुम्ही एखादी वस्ती नाकारता, ते कारण त्या वस्तीतल्या माणसाच्या तोंडावर सांगता येईल काय? "तुमच्या गल्लीत दारू विकतात, म्हणून आम्ही आलो नाही," हे त्याला सांगता येते. तोही मान हलवील, कारण त्याच्या लेकरालाही तोच जाच आहे. पण जे कारण दार लावून, आवाज खाली करून सांगावे लागते, ते विवेकाचे नसते. आणि ते खाल्ल्या आवाजातले बोलणे मूल बरोबर ऐकते.

दुसरा विचार पाहा. ज्ञानेश्वरी पुरी करताना माउलींनी विश्वात्मक देवाकडे जे पसायदान मागितले ते आपण रोज म्हणतो. त्यात दुष्टांना दूर कर असे मागणे नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि जीवाजीवांचे मैत्र व्हावे असे मागणे आहे. हे कोण मागतो आहे? ज्यांना आळंदीने आपल्यात घेतले नाही, संन्याशाची पोरे म्हणून ज्यांची मुंज अडली, शुद्धिपत्रासाठी ज्यांना पैठणची वाट धरावी लागली, त्या चौघा भावंडांतला एक. त्या काळी आळंदीतले आईबाप आपल्या मुलांना सांगत असतील, त्या घराकडे खेळायला जाऊ नको. आपल्या मते ते मुलांची संगतच जपत होते. आज त्याच माउलींचा गाव म्हणून आळंदीत घर घ्यावे असे पुष्कळांना वाटते. कुठले दार टाळताना आपण कुणाला टाळतो आहोत, हे त्या वेळी कुठे कळते?

पैठणचीच दुसरी कथा तुम्हाला ठाऊक आहे. भर दुपारी गोदावरीच्या तापल्या वाळूत एक लेकरू रडत होते, अस्पृश्य मानलेल्या वस्तीतले. नाथमहाराजांनी ते कडेवर घेतले, पुसले आणि त्याच्या घरी नेऊन पोचवले. ही कथा मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितली असेल. सांगताना माझा भर नेहमी उचलून घेण्यावर असे. आता वाटते, घरी नेऊन पोचवण्यावर भर हवा होता. त्यासाठी नाथांना त्या वस्तीत पाऊल टाकावे लागले.

आपण पंढरीला जातो, महाद्वारी नामदेवांच्या पायरीला हात लावतो, समोर चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवतो. वारीत चालताना पुढचा कोण, मागचा कोण न विचारता एकमेकांना माउली म्हणतो, एकमेकांच्या पाया पडतो. गोपाळपुरी काला होतो तेव्हा ज्याच्या हातून येईल त्याच्या हातून घास घेतो. मग घर घेताना काय होते? वारीत दिंडीचा शेजार आपण निवडलेला नसतो, तरी तो गोड लागतो. तो शेजार तीन आठवड्यांचा म्हणून गोड लागतो काय, हे ज्याने त्याने आपल्याशी विचारावे.

शेवटी मुलाने आकुर्डीची जागा घेतली. माझ्या विचाराने नव्हे. शाळा जवळ होती, हप्ता झेपणारा होता आणि सूनबाईची नोकरी तिथून सोपी होती. मोशीत घेतले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. फाटकाच्या आत राहूनही माणसाला दार उघडे ठेवता येते, आणि वस्तीला लागून राहूनही बंद ठेवता येते. ते मीच करून दाखवले. मी त्यांच्याकडे राहायला गेलो. रोज संध्याकाळी नातवाला घेऊन फिरायला निघायचो, डावीकडे वळून मंदिरापर्यंत जाऊन यायचे. चार महिने झाले. एके दिवशी तो रस्त्यातच थांबला, उजवीकडे बोट केले आणि म्हणाला, "आबा, आपण तिकडे कधीच का नाही जात? माझ्या वर्गातला मुलगा तिथंच राहतो."

साठ वर्षांपूर्वी मी मोठ्या पोरांच्या पायांमागे चालत होतो. आता माझ्या पायांमागे तो चालत होता.

माझी कसोटी मलाच लागू पडली. त्याला मोठ्याने सांगता येईल असे एकही कारण माझ्यापाशी नव्हते. आम्ही उजवीकडे वळलो. त्याच्या मित्राचे घर सापडले. त्याची आजी दारात लसूण सोलत बसली होती. मी म्हणालो, "माउली, थोडं पाणी देता का?" तिने तांब्या आणला. आधी मी प्यालो, मग नातू प्याला. तिने गाव विचारले, मी सांगितले, मग कळले की तिच्या सासऱ्यांची वारी होती. यात मोठेपणा काही नाही. साठ वर्षे उशिरा केलेली गोष्ट आहे, आणि पाणी तिने पाजले, मी नाही. पण त्या रात्री हरिपाठाला बसलो तेव्हा आवाज बसलेला असूनही म्हणताना अडखळलो नाही.

तेव्हा मायबाप, ज्यांचे लेकरू पुढच्या वर्षी शाळेत जायचे आहे त्यांना माझे सांगणे एवढेच. जागा जरूर पारखा. पाणी, रस्ता, शाळा, हप्ता सगळे पारखा. शेजारी कसे आहेत हेही विचारा, पण जे विचाराल ते लेकरासमोर, मोकळ्या आवाजात विचारा. आणि सामान लागले, देव मांडले, दूध उतू गेले की त्याच आठवड्यात लेकराचा हात धरून दोन्ही बाजूंना फिरून या. उजवीकडेही आणि डावीकडेही. एखाद्या दारात पाणी मागा. शाळेत त्याला पहिला धडा कोणता मिळेल हे आपल्या हाती नाही. हा मात्र आहे.

॥ रामकृष्ण हरी ॥