साक्यावरची वाइन

स्वस्थ बसा. समोर एक ग्लास आहे असं धरून चला. तुम्ही पीत नसाल तरी हरकत नाही, मननाला तेवढं पुरतं. ग्लासात म्यूस्कादे आहे. फ्रान्सच्या पश्चिमेला ल्वार नदी अटलांटिकला मिळते, त्या मुखाच्या थोडं अलीकडे नांत शहर आहे. शहराच्या आग्नेयेला सेव्र आणि मेन या लहान नद्यांच्या काठांवर या वाइनच्या द्राक्षांचे मळे आहेत.

आधी नुसतं बघा. रंग अगदी फिकट, कडेला जरा हिरवट. काचेला आतून दोन-चार बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात का? ते लक्षात असू द्या.

आता वास घ्या. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, मागून आंबून फुगलेल्या पिठाचा वास. बस्स. एवढंच? असं वाटेल, आणि पुष्कळ जण इथेच ग्लास बाजूला सारतात. तुम्ही थांबा, आणि १७०९चा हिवाळा डोळ्यांपुढे आणा. त्या साली युरोपात अशी थंडी पडली की इथल्या बहुतेक वेली जळून गेल्या. त्यानंतर मळ्यांत पसरली ती बूर्गोन्य प्रांतातून आलेली मेलाँ ही जात. गारठा सोसणारी, चवीला साधी. डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळायला अशीच साधी पांढरी वाइन हवी होती. साधेपणासाठीच निवडलेलं हे द्राक्ष, त्याच्याकडून अत्तराची अपेक्षा करू नये.

आता तळघरात उतरू. शरदात रस आंबतो, साखर संपते, यीस्टच्या पेशी मरून तळाशी बसतात. हा साका. एरवी वाइन त्यावरून लवकर काढून घेतात. इथे ती हिवाळाभर त्याच साक्यावर राहते; कोणी तिला हलवत नाही, दुसऱ्या टाकीत ओतत नाही. मेलेल्या पेशी हळूहळू विरघळतात आणि पातळ वाइनला अंग येतं. मार्चपासून ती थेट बाटलीत भरली जाते, लेबलवर ‘स्यूर ली’, म्हणजे ‘साक्यावर’, लिहिलं जातं. न हलवल्यामुळे आंबताना तयार झालेला थोडा वायूही तिच्यातच राहतो. मघाचे बुडबुडे ते हेच.

एक घोट घ्या, गिळायची घाई नको. जिभेच्या टोकाला चुरचुर, दोन्ही कडांना आंबट, मग मधोमध सायीसारखा हलका गुळगुळीतपणा. आणि शेवटी खारट वाटावं असं काहीतरी.

आता कालवं. नांतच्या नैर्ऋत्येला बूर्नफच्या उपसागरात ती पाळतात. उघडलेला एक शिंपला हातात घ्या. आतलं पाणी सांडू देऊ नका. लिंबू बाजूला ठेवा. ते काम वाइन करणार आहे. कालव तोंडात घेऊन चावा, खारं पाणी आणि मागची गोडी येऊ द्या, आणि मग घोट. एकाही चवीवर दुसरी चढून बसत नाही. मला म्यूस्कादे आवडते ती याचसाठी. दमदार, ओकच्या पिंपात मुरलेली वाइन इथे कालवाला गिळून टाकते. सोबत राय पावाचा तुकडा आणि खारवलेलं लोणी असावं.

याच भागातला आणखी एक पदार्थ मनात आणा: ल्वारमधला पाइक मासा आणि त्यावर बेर ब्लाँ. बारीक चिरलेला शॅलट कांदा व्हिनेगर आणि वाइनमध्ये आटवायचा, मंद आचेवर थंड लोण्याचे तुकडे एकेक करून फेटत जायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नांतजवळ क्लेमांस लफव्र या स्वयंपाकिणीने हा सॉस प्रथम केला, असं सांगतात. एवढं लोणी नुसतं जड झालं असतं. प्रत्येक घासामागे हा आंबट घोट जीभ स्वच्छ करतो.

म्यूस्कादेच्या मुलखातली क्लिसाँ आणि गोर्ज ही दोन गावं मात्र वेगळी. क्लिसाँची जमीन ग्रॅनाइटची, गोर्जची गॅब्रोची, आणि त्यांच्या नावाने विकायची वाइन किमान दोन वर्षं साक्यावर ठेवावी लागते. अशी जुनी बाटली मिळाली तर ती फार गार करू नका, १२ अंशांच्या आसपास ठेवा. तिच्याबरोबर कालवं नकोत. लोण्यात परतलेली शेवंड घ्या.