ताटी लावावी की उघडावी?

गेल्या माघवारीत पंढरपुरास आमच्या दिंडीतील एक गृहस्थ मुक्कामावर आम्हांस भेटले आणि खाली मान घालून म्हणाले, "महाराज, पोराला शाळेतून काढलं. घरीच शिकवतोय. गावात सगळे म्हणतात, पोरगं पळपुटं निघालं. आम्ही चुकलो का?" या प्रश्नात त्यांच्यापेक्षा आमचाच दोष अधिक गुंतला आहे, म्हणून तो येथे मांडणे आम्हांस भाग आहे.

मुलगा चौदा वर्षांचा, नववीतला. बोलताना अडखळतो. वर्गात धडा वाचण्यास उभा राहिला की मागल्या बाकावरून त्याच अक्षराची नक्कल सुरू व्हायची. पुढे डबा लपविणे झाले, सायकलची हवा सोडणे झाले. शेवटी एकाने त्याचे वाचन मोबाईलवर टिपून वर्गाच्या ग्रुपवर धाडले. आमच्या लहानपणी शाळेची घंटा झाली की छळही सुटायचा, पोर आईच्या पदराशी येऊन बसले की मोकळे. आता तो छळ खिशात बसून घरी येतो आणि रात्री उशाशी झोपतो. बाप दोनदा मुख्याध्यापकांकडे गेला. "पोरं आहेत, चालायचंच," एवढेच उत्तर मिळाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई करते. पण कायदा काही मागल्या बाकावर जाऊन बसत नाही.

आता आमचा दोष. त्याआधी कार्तिकीस आळंदीला बापाने हेच पोर आमच्यापुढे आणून उभे केले होते. आम्ही घाईत होतो, कीर्तनाची वेळ झाली होती. डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "सोसावं बाळा, संतांनी काय थोडं सोसलं?" पोराने पाया पडून आमच्याकडे पाहिले. ते पाहणे आम्ही तेव्हा ओळखले नाही. पुढल्याच महिन्यात शाळेच्या वाटेवर त्याला ओकाऱ्या होऊ लागल्या. रात्री झोप नाही, अन्नावर वासना नाही. शेवटी आईनेच सांगितले, उद्यापासून दप्तर उचलायचं नाही.

विचार केला तेव्हा आमची चूक आम्हांस दिसली. सोसणे हा मोठा गुण खरा, पण तो ज्याचा त्याने पत्करायचा असतो. ज्याच्या हाती दुसरी वाट आहे आणि तरीही जो राग गिळतो, त्याच्या त्या करण्यास क्षमा म्हणावे. ज्याला वाटच नाही, त्या लेकराला "सोस" म्हणणे म्हणजे छळणाऱ्याचे काम सोपे करणे होय. गोठ्यात नाग निघाला तर आपण वासरू आधी बाहेर काढतो, त्याला धीर शिकवीत बसत नाही.

आणि संतांचे नाव आम्ही घेतले, तेही अर्धेच. ज्ञानोबारायांचा अपमान झाला तेव्हा ते झोपडीत शिरले व ताटी लावून बसले, असे परंपरा सांगते. एवढ्या थोरालाही दार लावावेसे वाटले! मग चौदा वर्षांच्या पोराने लावले तर त्याला पळपुटा कोणत्या तोंडाने म्हणावे? पण गोष्ट तेथे संपत नाही. मुक्ताबाई दाराशी बसल्या. त्यांनी ताटी मोडली नाही, दादाला बाहेर ओढले नाही. त्या बोलत राहिल्या, आणि दार आतून उघडले.

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही उलट विचारले, "ताटी लावलीत ते ठीक केलंत. पण दाराशी कोण बसलंय?"

ते म्हणाले, आई बसते. ती स्वतः बारावी झालेली. पहाटे धारा काढून झाल्या की दोन तास गणित. गावातले एक निवृत्त गुरुजी आठवड्यातून दोनदा इंग्रजीसाठी येतात. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयात नाव घालायचे ठरविले आहे. चौदा पूर्ण झालेल्यास तेथे प्रवेश मिळतो, पाच विषय घ्यावयाचे, आणि ते पाच वर्षांत सवडीने सोडविता येतात. राज्याच्या मंडळाकडेही १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीस बसता येते. तेव्हा शाळा सुटली म्हणून शिक्षण सुटले, ही गावकऱ्यांची समजूत खोटी आहे.

तरी एक धोका आम्ही त्यांना सांगितला. महात्मा गांधींनी आपल्या मुलांना शाळेत घातले नाही, घरीच शिकविण्याचा प्रयत्न केला. आणि मुलांची त्याबद्दल तक्रार राहिली, हे त्यांनी आत्मचरित्रात लपविलेले नाही. बापाचा हेतू कितीही शुद्ध असो, त्याचा भार मुलाने वाहायचा असतो. घरी विषय शिकविता येतात, सोबती कोठून आणणार? यावर बाप हसले, त्या दिवसातले पहिल्यांदाच. म्हणाले, "रात्रीच्या भजनात पखवाज तोच वाजवतो, महाराज. आणि अभंग म्हणताना एकदासुद्धा अडत नाही." बोलताना अडखळणारे पुष्कळजण गाताना अडखळत नाहीत, हे आम्हीही पाहिले आहे. तेथे चार माणसे त्याच्याबरोबर टाळ धरतात, हेही काही थोडे नव्हे.

एक गोष्ट लिहिताना लेखणी अडते. ते मोबाईलवरचे चित्रण ज्याने धाडले, त्या मुलाच्या घरी पिढीजात वारी आहे आणि त्याच्याही गळ्यात माळ आहे. एकमेकांच्या पाया पडण्याची आपली रीत आपण आपल्या पोरांना काय म्हणून शिकविली, कोण जाणे. त्या घरी आम्ही जाऊन आलो. बोलणे झाले ते सुखाचे नव्हते, आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

चैत्रात आम्ही मुलाच्याही घरी गेलो. ओसरीवर इतिहासाचे पुस्तक उघडे होते. आम्ही आधी त्याची क्षमा मागितली. कार्तिकीस तुला सोस म्हणालो ते चुकलो, असे सांगितले. बाप संकोचले, पोरही गोंधळले. पुन्हा शाळेत कधी जाणार, हे आम्ही विचारले नाही. बापालाही विचारू नका म्हणून सांगितले होते. थोड्या वेळाने त्याने आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि "रामकृष्णहरी" म्हणू लागला. पहिल्याच अक्षराशी अडला. आईचे ओठ हलले, तिला आम्ही हातानेच थांबविले. ओसरीवर कोणी काही बोलले नाही. त्याचे म्हणून पुरे झाल्यावर आम्ही तांब्या उचलला.