औषध आणि विवेक



११ फेब्रुवारी हा लूर्द मातेचा सण आणि जागतिक आजारी दिनही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हा दिवस नेमून दिला. या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी मिस्सा अर्पण करतो, त्यांना अभ्यंग देतो. या निमित्ताने आम्ही एका वेगळ्या दुखण्याविषयी लिहीत आहोत. हे दुखणे बरे होण्यासाठी घेतलेल्या औषधातूनच उद्भवते.

स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. फिटवरची काही औषधे, युरिक अ‍ॅसिडची गोळी, सल्फाची औषधे, काही वेदनाशामके यांमुळे तो होऊ शकतो. शरीराची संरक्षक शक्तीच कातडीवर उलटते. ताप येतो, डोळे चुरचुरतात, तोंडात फोड येतात, अंगावर लालसर चट्टे उठतात आणि मग भाजल्यासारखी कातडी सुटू लागते. औषध सुरू केल्यापासून बहुधा एक ते चार आठवड्यांत हे घडते. हा विकार फार विरळ आहे, पण ज्याला होतो त्याच्या जिवावर बेततो.

आपल्या शहराशीही याच जातीच्या विकाराची एक दुःखद आठवण जोडलेली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनुराधा साहा १९९८ साली सुट्टीसाठी कोलकात्याला आल्या होत्या. तेथे त्यांच्या अंगावर पुरळ उठले आणि उपचार चालू असतानाच प्रकृती बिघडत गेली. १७ मे रोजी त्यांना विमानाने मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात आणले, पण २८ मे रोजी त्यांचे निधन झाले. कोलकात्यातील उपचारांत हलगर्जी झाली, स्टेरॉईड चुकीच्या मात्रेत दिले गेले, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि २०१३ साली सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. त्यांचे पती डॉ. कुणाल साहा पंधरा वर्षे लढले. त्या पैशाने पत्नी परत येणार नव्हती, हे त्यांना ठाऊकच होते. दुसऱ्या कोणाच्या घरी असे घडू नये, यासाठी सत्य उघड होणे गरजेचे होते.

मग औषधे फेकून द्यावीत काय? मुळीच नाही. सिराखच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखायला आणि देवाने मातीतून निर्मिलेल्या औषधाचा तिरस्कार न करायला शिकवले आहे. पण श्रद्धा आंधळी नसावी. संत थॉमस अक्विनस यांनी विवेक या सद्गुणाची अंगे सांगताना स्मरणाला त्यांत स्थान दिले आहे. जो आठवण ठेवतो तोच शहाणपणाने वागतो. म्हणून ज्या गोळीने एकदा अंगावर उठले, तिचे नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरला व केमिस्टला दाखवावे. चाळीतल्या मावशींना ज्या गोळीने आराम पडला, ती आपणही घेऊन पाहावी, असे करू नये. नुसत्या भीतीने फिटची किंवा हृदयाची गोळी मनाने बंद करू नये. पण वरील लक्षणे दिसली, तर पुढची गोळी घेण्याआधी, रात्र असली तरी, सर्व औषधे बरोबर घेऊन परळच्या के. ई. एम.सारख्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठावी. डोळे जपण्यासाठी नेत्रतज्ज्ञांनाही दाखवावे. औषधाचा असा दुष्परिणाम रुग्ण स्वतःही सरकारला कळवू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य क्रमांक आहे.

आता आपल्या वागण्याविषयी. ईयोबाचे सर्वांग फोडांनी भरले, तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडले आणि ते त्याचे पाप शोधू लागले. आपणही ‘काय केलं होतं हिनं?’ असे कुजबुजतो, डागाळलेला चेहरा पाहून पाण्याचा पेला वेगळा ठेवतो. हा विकार संसर्गजन्य नाही आणि तो कोणाच्या पापाची शिक्षाही नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा प्रभूने तो फेटाळून लावला.

प्रभूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला. या रुग्णाला मात्र आजार भरात असताना स्पर्शानेही वेदना होतात आणि बाहेरून जंतू गेले तर धोका असतो. म्हणून तेव्हा खाटेभोवती गर्दी करू नये. जिन्यावर बसलेल्या त्याच्या माणसांना डबा द्यावा, रात्रीची पाळी घ्यावी, मुलांना शाळेत सोडावे. जखमा भरून आल्यावर मात्र त्याला मिस्सेला घेऊन यावे, आपल्याच बाकावर बसवावे आणि शांतीची खूण देताना हात मागे घेऊ नये.

लूर्दची माता आपल्या सर्व आजाऱ्यांसाठी विनंती करो.

आपले धर्मगुरू