उंच बॉनेटखाली

मनासमोर एक जुनी पिकअप उभी करा. विलीसच्या परवान्यावर महिंद्रानं बनवलेली सीजे थ्री बी जीप, जिचा मागचा भाग पुढे कधीतरी कापून हौदा केलेला आहे. अशी गाडी खरोखरच जवळपास असेल, तर तिच्यापाशीच जाऊन बसा. सकाळची वेळ बरी. ऊन तिरपं असलं की पत्र्यावरचे ठोके आपोआप दिसतात. सोबत एक-दोन पाने, एक चुंबक आणि ग्रीस पुसायला चिंधी घ्या.

ही गाडी किती ओरिजिनल आहे, हा प्रश्न आज बाजूला ठेवू. तो घेणाऱ्या-विकणाऱ्याचा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरात भाव ठरतो, गाडी कळत नाही. आपण एवढंच विचारू: हा भाग इथे कशासाठी आला, आणि त्याच्या आधी इथे काय होतं?

समोर उभे राहा. जाळीतल्या उभ्या फटी सावकाश मोजा. सात भरतील. मग नजर वर न्या. बॉनेट नेहमीच्या जीपपेक्षा उंच आहे, कपाळ मोठं असावं तसं. ही उंची शोभेसाठी नाही. विलीसनं १९५३ साली या गाडीत हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन बसवलं. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. या रचनेमुळे इंजिन आधीच्यापेक्षा उंच झालं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट आणि जाळी दोन्ही वर उचलावी लागली.

आता खटके सोडून बॉनेट उघडा.

आत हरिकेन नाही. तिथे डिझेल आहे, एक्सडीपी ४.९०, प्यूजोच्या परवान्यानं आपल्याकडे इगतपुरीला बनलेलं, २११२ सीसीचं. इथे घाई करू नका. ज्याच्यासाठी हे बॉनेट उंच झालं ते इंजिन कधीच भंगारात गेलं असेल, पण पत्र्यानं त्याची उंची सांभाळून ठेवली आहे. मूळ भाग आणि बदललेला भाग एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत की एकाचा अर्थ दुसऱ्याशिवाय लागत नाही.

हा बदल कुणी हौसेनं केला नाही. आपल्याकडे पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात अनेक वर्षं मोठं अंतर होतं. शेतमाल वाहणाऱ्या, रोज भाड्यानं पळणाऱ्या गाडीच्या मालकाला ते अंतर दररोज खिशातून भरावं लागे. महाराष्ट्रातल्या कितीतरी पेट्रोल जीप अशाच डिझेल झाल्या आणि त्यामुळेच रस्त्यावर राहिल्या. त्यांना कुणी ‘बिघडवलेल्या’ म्हटलं की मला वाईट वाटतं. इंजिन बदललं नसतं, तर समोर मूळ गाडी उभी नसती. काहीच उभं नसतं.

बॉनेट उघडंच ठेवा आणि केबिन व इंजिन यांच्यामधल्या पत्र्याकडे बघा. तिथे रिकामी भोकं आहेत. काही गोल, व्यवस्थित, पत्रा आत वळलेला नाही. ही कारखान्यातली. काहींच्या कडा फाटक्या आहेत आणि भोवती रंग उडाला आहे. ही नंतर, गॅरेजमध्ये, ड्रिलनं पाडलेली. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून कॉइल गेली, डिस्ट्रिब्यूटर गेला, त्यांच्या वायरी गेल्या. डॅशबोर्डवर चोकची मूठ होती, तिथेही आता फक्त भोक आहे. त्यात बोट घालून कडा चाचपा. ज्याच्या हातांनी थंडीत ती मूठ शेकडो वेळा ओढली, त्याच्या रोजच्या कामाची ही जागा आहे.

आता पाना हातात घ्या. तेरा नंबरचा.

जीपच्या चासीवरचे आणि बॉडीवरचे बोल्ट इंची मापाचे. फ्रेंच घडणीच्या इंजिनावरचे मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो, पण किंचित हलतो. इंजिनावरच्या बोल्टवर तोच पाना घट्ट, बिनआवाज बसतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, मनगटाला लगेच कळतो. डोळे मिटून दोन्ही बोल्टांवर पाना आलटून पालटून लावा. मग डोकं पुसून पाहा. एकावर तीन रेघा कोरलेल्या असतील, दुसऱ्यावर ८.८ असा आकडा. पहिली खूण इंची बोल्टांवर असते, दुसरी मेट्रिक बोल्टांवर. एका ब्रॅकेटला दोन्ही जातीचे बोल्ट सापडले, तर समजा की दोन काळ इथे जोडले गेले आहेत आणि जोडणारा माणूस डब्यात जे होतं त्यावर काम भागवत होता.

चाकांपाशी या. विलीसच्या घडणीत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असत आणि स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर असे. डावं मागचं चाक उलट उघडतं आणि डावं पुढचं सुलट? मग पुढचे स्टड किंवा अख्खा हब नंतरचा आहे. का बदलला, ते मात्र लगेच ठरवू नका. कुणी जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवले आणि स्टड तुटले, असं असू शकतं. बेअरिंग खाल्लं असेल, हेही शक्य आहे. दिसलेलं एका बाजूला, वाटलेलं दुसऱ्या बाजूला. ही शिस्त फार मोलाची आहे. माझ्या मते या सगळ्या मननाचा गाभा हाच.

चासीवर हात फिरवत मागे जा. कंपनीचे आडवे पाट रिव्हेटनी जोडलेले असतात, बोंडं एकसारखी. बोल्ट किंवा वेल्डिंगची माळ आली की तो सांधा नंतरचा. इंजिन धरणाऱ्या टेकूंपाशी ही माळ हमखास दिसेल, कारण नवं इंजिन जुन्या टेकूंवर बसत नाही. चासी क्रमांकाच्या जागेवर घासल्याची, पुन्हा ठोकल्याची खूण दिसली, तर मात्र थांबा आणि आरसी बुक मागा. इंजिन बदलता येतं, त्याची नोंद आरटीओत होते. खोडलेला क्रमांक ही वेगळी गोष्ट आहे, तिला दुरुस्ती म्हणत नाहीत.

हौदा शेवटी. इथे चुंबक लावा. काही ठिकाणी खटकन चिकटेल, काही ठिकाणी निसटेल, म्हणजे खाली पुट्टी. फाळका हातानं ठोकून काढलेला, बिजागरी दाराची वापरलेली, कोपऱ्याला अँगल. इथे मूळ काय, हा प्रश्नच लागू होत नाही. हा हौदा कुठल्याच कंपनीनं बनवला नव्हता. तो कुणा वेल्डरचा आहे, आणि त्याच्यापुरता तोच ओरिजिनल.

मिलिंद राजाला नागसेन भिक्षूनं विचारलं होतं, रथ म्हणजे नेमकं काय? चाकं? आस? दांडा? यातलं एकेक रथ नव्हे, आणि रथ हे नुसतं नाव ठरलं. मला हे पटतं, तरी माझं तिथे भागत नाही. नाव नुसतं असेल, पण आस कुणी बदलली आणि कुठल्या लाकडाची घातली, हे विचारायचं उरतंच.

आता वही काढा. प्रत्येक भागापुढे लिहा: मूळचा, नंतरचा, माहीत नाही. तिसरा रकाना मोठा झाला तरी चालेल. काही खोलून काढलंत, तर त्याला चिठ्ठी बांधा, कुठून निघालं ते लिहा आणि फेकू नका. आणि रंगकाम करायचं ठरलं, तर पत्रेवाल्याला आधीच सांगून ठेवा, डॅशबोर्डवरचं चोकचं भोक बुजवायचं नाही.