सणात मुलांचं काम

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये स्वतःला पेगन म्हणवणारी बरीच कुटुंबं आहेत. ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या देवदेवता आणि ऋतूंचं चक्र ही त्यांची श्रद्धा. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला. यातले अनेकजण मोठेपणी या वाटेला आले, त्यामुळे आजीने साजरा केलेला सण त्यांच्या आठवणीत नाही. मुलं झाली की प्रश्न पडतो, यांना आपण काय द्यायचं?

श्रद्धा लादायची नाही, याबाबत हे पालक बहुधा ठाम असतात. विक्का या पेगन परंपरेतली बहुतेक मंडळं तर अठरा वर्षांखालच्यांना दीक्षाही देत नाहीत. मग मुलांच्या वाट्याला येतं ते सणातलं काम. मला हीच गोष्ट फार मोलाची वाटते.

१ फेब्रुवारीचा इम्बॉल्क हा ब्रिजिड देवीचा सण. मेंढ्या विण्याचे हे दिवस. आयर्लंडमध्ये वसंत इथूनच धरतात. कॅथलिक घरांत हाच दिवस संत ब्रिजिडचा. लव्हाळ्याचा क्रॉस मात्र दोन्हीकडे विणतात. ओलसर जागेतलं हिरवं लव्हाळं कापायचं नाही, हाताने उपटायचं, असा जुना रिवाज आहे. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर आडवी अडकवायची, घट्ट ओढायची, सगळं पाव वळसा फिरवायचं आणि पुढची काडी घ्यायची. हळूहळू मध्ये विणीचा चौकोन उमटतो आणि चार दिशांना चार हात फुटतात. अंगठा जरा सैल पडला की सगळं निसटतं. शेवटी चारही टोकं दोऱ्याने बांधून क्रॉस दारावर लावायचा. आगीपासून घराची राखण व्हावी म्हणून. असे क्रॉस विकतही मिळतात. पण विकतच्या क्रॉसमध्ये मुलाचा अंगठा कुठे आला?

जानेवारीत इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या सफरचंदांच्या बागांत वॉसेलिंग होतं. सायडरमध्ये बुडवलेला पाव फांद्यांवर ठेवतात आणि झाडांना जाग यावी, पीक चांगलं यावं म्हणून भांडी बडवतात. ते काम मुलं किती जीव ओतून करत असतील!

कुणी म्हणेल, हा सगळा नवा खटाटोप. पेगनांचं आठ सणांचं वर्षचक्र आजच्या रूपात जुळून आलं ते १९५०च्या दशकात, या चळवळीतल्या जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकोल्स यांच्या काळात. त्यातले काही सण मात्र फार जुने. असेना का चक्र नवं! जी मुलगी दरवर्षी स्वतः विणलेला क्रॉस दाराला लावत मोठी झाली, तिच्या लेखी तो घरचाच सण आहे.

आपल्याकडे दिवाळीतला किल्ला असाच मुलांचा. माती कालवायची त्यांनी, अळीव पेरायचे त्यांनी, शिवाजी महाराज कुठे बसवायचे हे भांडून ठरवायचं त्यांनीच. आता तयार किल्लेही बाजारात येतात. यंदा ते आणू नका. मुलांना माती, जुनं पोतं आणि अंगणाचा किंवा गॅलरीचा एक कोपरा द्या, आणि चिखल झाला तर रागावू नका.