वस्तूची साक्ष

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. माझ्या पत्नीला पुष्कळ दिवसांपासून तांब्याचें एक घंगाळ घ्यावयाचें होतें. माहेरच्या न्हाणीघरांतील घंगाळाची आठवण तिच्या मनांतून कधीं गेलीच नव्हती. आतां बाजार घरबसल्या मोबाइलवर भरतो. तेथें तिला एका घंगाळाचें छायाचित्र दिसलें. तांब्याचा तो उजळ, किंचित् गुलाबी रंग, दोन बाजूंस पितळेच्या दोन कड्या, अंगावर मठारकामाचे ठोके. चित्र पाहून मोह मलाहि पडला. पैसे भरले, आणि चौथ्या दिवशीं जी पेटी आली ती एका हातांत मावणारी! आंत घंगाळ होतें. कड्या होत्या, ठोके होते, रंगहि तोच होता. मात्र त्यांत एका तांब्याहून अधिक पाणी मावलें नसतें. "अहो, हें तर बाहुलीच्या न्हाणीचें घंगाळ!" असें म्हणून ती हंसली खरी, पण तिची निराशा लपली नाहीं. मीं जाहिरात पुन्हां उघडून पाहिली. चित्राखालीं बारीक अक्षरांत घंगाळाचा व्यास इंचांत दिलेला होता.

म्हणजे कोणीहि खोटें बोललें नव्हतें. चित्रांतील प्रत्येक रेषा खरी होती, शब्दहि खरे होते. तरीसुद्धां आम्ही फसलों होतों. मग फसविलें कोणीं? विक्रेत्यानें, छायाचित्रकारानें, कीं आमच्याच उतावीळ डोळ्यांनीं? या प्रश्नानें माझा पुष्कळ दिवस पाठपुरावा केला.

विकावयाच्या मालाचीं छायाचित्रें काढणें हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झालेला आहे, आणि त्याविषयीं माझें मत, खरें सांगावयाचें तर, फारसें अनुकूल नव्हतें. दरबारांत जें काम भाट करीत, तेंच बाजारांत हे लोक करतात, असें मी समजत होतों. माझा एक जुना विद्यार्थी महाविद्यालयांत माझ्यापाशीं तर्कशास्त्र शिकून पुढें याच व्यवसायांत पडला, तेव्हां त्याचें तर्कशास्त्र वायां गेलें म्हणून मीं मनांतल्या मनांत हळहळलोंहि होतों. घंगाळाची हकीकत त्याला सांगितली तेव्हां तो म्हणाला, "सर, एक दिवस माझ्या स्टुडिओंत येऊन तर पाहा." मी गेलों.

योगायोगानें त्या दिवशीं त्याच्यासमोर घंगाळच होतें, आणि तें खरोखरीचें, मोठें, पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत हातानें घडविलेलें. त्यानें प्रथम मलाच माझ्या मोबाइलवर त्याचें चित्र काढावयास सांगितलें. मीं काढलें. चित्रांत घंगाळ काळवंडलेलें दिसत होतें, छतावरील दिव्याचा एक पांढरा डाग त्यावर पडला होता, आणि पोटावर अगदीं मध्यभागीं चष्मा घातलेली, फुगलेली अशी माझीच आकृति उमटली होती. "सर, हें चित्र घंगाळाचें नाहीं, तुमचें आहे," तो हंसून म्हणाला.

त्या थट्टेंत त्याच्या विद्येचें सारें मर्म होतें. चकचकीत धातु हा एक प्रकारचा आरसाच असतो. पतनकोन आणि परावर्तनकोन सारखे असतात हा शाळेंत शिकलेला नियम येथें पावलोपावलीं आडवा येतो. घंगाळाच्या पोटावरील प्रत्येक बिंदु खोलींतील कोणत्या ना कोणत्या जागेचें प्रतिबिंब दाखवीत असतो. म्हणून अशा वस्तूचें चित्र काढणारा तिच्यावर नुसता प्रकाश टाकीत नाहीं, तर वस्तूभोंवतीं काय असावें हें ठरवितो. माझ्या विद्यार्थ्यानें हातमोजे घालून घंगाळ पुसलें, कारण बोटांचे ठसे कॅमेरा कधीं विसरत नाहीं. एका बाजूस पांढऱ्या पातळ कापडाचा मोठा पडदा ताणून त्याच्या मागें दिवा ठेवला, तेव्हां तांब्याचा खरा रंग उजळून आला. दुसऱ्या बाजूस काळ्या पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी उभी केली, तेव्हां पोटाची गोलाई कडेपर्यंत स्पष्ट झाली. मग पडदा दोन बोटें मागें, पट्टी एक बोट पुढें, असें चाललें. कांठ आणि तळ एकाच वेळीं रेखीव दिसेनात, म्हणून कॅमेरा न हलवितां वेगवेगळ्या अंतरांवर दृष्टि रोखून त्यानें अनेक चित्रें घेतलीं व तीं पुढें एकत्र जुळविलीं. एका चित्रास तीन तास लागले. परंतु त्या चित्रांत तांबटाच्या हातोडीचा एकेक ठोका मोजून घ्यावा असा दिसत होता.

माझी पहिली चूक तेथें मला उमगली. बिनकसबी चित्र प्रामाणिक असतें आणि कसबी चित्र लबाड, असें मी गृहीत धरलें होतें. पण माझ्या निष्पाप चित्रानें त्या घंगाळाची बदनामीच केली होती! दुकानांत गेलेला मनुष्य भांडें हातांत घेतो, फिरवितो, टिचकी मारून नाद ऐकतो, वजन अजमावितो. छायाचित्र हें सर्व एका फटक्यानें काढून घेतें आणि त्याला एकच, न हलणारा डोळा देतें. हातानें गमावलेलें ज्ञान शक्य तेवढें डोळ्याला परत करणें हें या कलेचें काम, आणि तें आपोआप होत नाहीं. सत्य दिसावें यासाठींहि श्रम करावे लागतात.

या कलेच्या जन्मकाळींच ही गोष्ट सूचित झालेली आहे. इंग्लंडांतील छायाचित्रणाचा एक आद्य शोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यानें १८४४ सालापासून 'द पेन्सिल ऑफ नेचर' हें पुस्तक भागशः प्रसिद्ध केलें. त्यांत चिनी मातीच्या भांड्यांनीं भरलेल्या फळ्यांचें एक चित्र आहे. आणि त्यासोबत टॅल्बटनें अशी कल्पना मांडली आहे कीं, हीं भांडीं चोरीस गेलीं तर हें चित्र न्यायालयांत चोराविरुद्ध मुकी साक्ष देईल. भांड्यांच्या चित्राची योजना प्रथम साक्षीदार म्हणून झाली, भाट म्हणून नव्हे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें १९२२ सालीं पॉल औटरब्रिज या अमेरिकन छायाचित्रकारानें जाहिरातीसाठीं एका साध्या पांढऱ्या कॉलरचें चित्र काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पटावर ठेवून काढलें. तसल्या सुट्या कॉलरी आज कोणी वापरीत नाहीं. पण तें चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत जपून ठेवलेलें आहे. माल संपला, साक्ष उरली.

साक्षीदाराच्या उपमेनेंच आमच्या मूळ प्रश्नाचाहि उलगडा होऊं लागतो. साक्षीदारानें नीटनेटके कपडे करून यावें, सांगावयाचें तें क्रमानें व स्पष्ट सांगावें, यांत कोणी दोष मानीत नाहीं. ही झाली मांडणी. जें घडलें नाहीं तें त्यानें सांगितलें तर ती झाली भर, आणि ती निःसंशय खोटी साक्ष होय. पण मांडणी कोठें संपते आणि भर कोठें सुरू होते?

अमेरिकेंत या प्रश्नाचा न्यायासनासमोरच कीस पडला आहे. दाढीच्या एका क्रीमच्या जाहिरातींत असें दाखविलें होतें कीं, क्रीम फांसतांच वस्तऱ्यानें सँडपेपरसुद्धां साफ निघतो. खऱ्या सँडपेपरास त्यासाठीं सुमारें ८० मिनिटें भिजावें लागे. चित्रांत दिसला तो पारदर्शक प्लास्टिकवर वाळू पसरून केलेला देखावा होता. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीविरुद्धच्या या खटल्याचा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६५ सालीं दिला. त्यांत आइस्क्रीमचा मोठा मार्मिक दाखला निघाला. दिव्यांच्या उष्णतेनें आइस्क्रीम वितळतें, म्हणून त्याच्या जागीं कुस्करलेला बटाटा ठेवला तर तीहि फसवणूकच काय? न्यायालयाचा आशय असा कीं, बटाटा केवळ देखाव्याचा भाग असेल तर ती गोष्ट निराळी. परंतु जी वस्तु पाहणाऱ्यापुढें पुरावा म्हणून ठेवली जाते, ती मात्र खरीच असली पाहिजे.

याहून नाजूक प्रसंग कॅम्पबेल कंपनीच्या सूपचा. वाडग्यांत सूप स्थिर राहिलें कीं भाज्यांचे तुकडे तळाशीं बसतात, आणि चित्रांत नुसतें पाणी दिसतें. म्हणून वाडग्याच्या तळाशीं कांचेच्या गोट्या घातल्या गेल्या. तुकडे वर दिसूं लागले. सरकारी व्यापार आयोगानें आक्षेप घेतला आणि १९७० सालीं कंपनीनें ही पद्धत न वापरण्याचें मान्य केलें. कंपनीची बाजू मांडणारा असें म्हणेल कीं, तुकडे सुपांत होतेच, गोट्यांनीं ते फक्त दिसते केले. युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड आहे. पण आहेत ते तुकडे दिसणें वेगळें, आणि आहेत त्याहून अधिक आहेत असें वाटणें वेगळें. पळीनें सूप ढवळून तुकड्यांसकट वर उचललेली पळी दाखवितां आली असती. तें अधिक अवघड, कारण क्षण साधावा लागतो. मला असें दिसूं लागलें आहे कीं, पुष्कळदां लबाडी ही कौशल्याचा अतिरेक नसून कौशल्याचा आळस असते.

आमच्या घंगाळाच्या बाबतींत मात्र भर नव्हतीच. तेथें होतें मौन. शेजारीं एखादा नारळ किंवा फुलपात्र ठेवलें असतें तर चित्रानेंच माप सांगितलें असतें. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येंत खोट्या वर्णनाबरोबर महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविण्याचाहि समावेश केला आहे. बारीक अक्षरांतील इंचांमुळें विक्रेता कायद्याच्या कचाट्यांतून कदाचित् सुटेल. पण डोळ्याला जें मोठें दाखविलें तें अक्षरांनीं हळूच लहान करणें, ही नीति नव्हे. चष्मा न पुसतां खरेदी करणाऱ्याचाहि यांत थोडा वांटा आहे, हें मी नाकारीत नाहीं.

त्या दिवशीं स्टुडिओंत आणखी एक गोष्ट घडली. घंगाळाच्या कांठाजवळ वाहतुकींत पडलेला एक पोचा होता. विद्यार्थ्यानें तो संगणकावर चित्रांतून काढून टाकला. मीं लगेच हरकत घेतली: "अरे, ही भर नव्हे काय?" तो म्हणाला, "सर, तुम्हींच आम्हांला जाति आणि व्यक्ति शिकविली. हें चित्र या एका घंगाळासाठीं नाहीं, असल्या सगळ्या घंगाळांसाठीं आहे. पोचा या व्यक्तीचा आहे. तो ठेवला तर पुढच्या घंगाळावर खोटा आळ येईल." गौतमाच्या न्यायसूत्रांत पदाच्या अर्थाचा विचार करतांना व्यक्ति, आकृति आणि जाति या तिहींचा निर्देश आहे, तें सूत्र असें भांड्याच्या कांठावर भेटेल असें मला वाटलें नव्हतें.

पण खरी परीक्षा पुढेंच होती. ज्या व्यापाऱ्यासाठीं चित्र काढलें, त्यानें दूरध्वनीवरून सांगितलें कीं, ठोके वांकडेतिकडे दिसतात, ते सारे एकसारखे करून द्यावे. तें संगणकावर पांच मिनिटांचें काम होतें. विद्यार्थ्यानें नम्रपणें नकार दिला. ठोक्यांची ती किंचित् विषमता ही त्या जातीचीच खूण. हातानें घडविलेल्या प्रत्येक घंगाळावर ती असणार. ती पुसली कीं चित्र यंत्राच्या भांड्याचें होईल, आणि पेटी उघडणारी गृहिणी तांबटालाच बोल लावील. काम हातचें गेलें. कांहीं दिवसांनीं कळलें कीं, त्या व्यापाऱ्यानें कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्रें करवून घेतलीं. त्यांत ना कॅमेरा होता, ना घंगाळ. वस्तु कधीं पाहिलीच नाहीं असा तो साक्षीदार! त्याची जबानी अस्खलित असेल. पण उलटतपासणींत त्याला विचारणार काय?

विद्यार्थ्याचा त्यांत तोटा झाला, आणि असे तोटे त्याला पुढेंहि होतील. त्याच्या संसारास आधार देईल असें तत्त्वज्ञान माझ्यापाशीं नाहीं. मात्र त्याचें तर्कशास्त्र वायां गेलें असें मी आतां म्हणत नाहीं. न बोलणाऱ्या वस्तूला आणि समोर नसलेल्या ग्राहकाला, दोघांनाहि एकाच वेळीं न्याय देणें, हें ज्याला साधतें त्याच्या कसबाला मोल दिलें पाहिजे. आणि तें आपणच, विकत घेणारांनीं, दिलें पाहिजे.

आमचें तें चिमुकलें घंगाळ आतां दिवाणखान्यांत असतें. पत्नी त्यांत पाणी घालून रोज चार फुलें सोडते. परवां विद्यार्थी घरीं आला तेव्हां त्यानें त्याचें एक चित्र काढलें, आणि काढण्यापूर्वीं तिला म्हणाला, "काकू, तुमचा हात जरा कांठावर ठेवा, म्हणजे माप कळेल."